प्लेअरमध्ये तर चालतंय

सहस्रचंद्रदर्शनाची फिल्म करायची म्हटली की घरातून जे साहित्य गोळा होतं ते कधीच एका काळाचं नसतं. मुंजीची व्हीएचएस कॅसेट मध्ये कधीतरी कुणीतरी कॅप्चर कार्ड लावून उतरवून ठेवलेली असते, तिची एव्हीआय फाइल येते. मुलाच्या लग्नाची डीव्हीडी येते. परदेशातल्या नातवाच्या बारशाचं आयफोनवरचं चित्रण येतं. २०१८च्या फेब्रुवारीत बडोद्यात ९१वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्या मांडवातल्या क्लिपा तर इथल्या कितीतरी मराठी घरांत आहेत, आणि प्रत्येक घरात वेगळ्या फोनवर घेतलेल्या. हे सगळं झाल्यावरही शेवटच्या दिवसापर्यंत व्हॉट्सअॅपवर काही ना काही येतच राहतं, "ही पण घाला हं" म्हणून.

यातली प्रत्येक फाइल आपापल्या वेळी, आपापल्या यंत्रावर नीट चालत होती. त्या सगळ्या पहिल्यांदा शेजारी शेजारी बसतात त्या एडिटिंगच्या टाइमलाइनवर, म्हणजे क्लिपा क्रमानं लावायच्या पडद्यावरच्या पट्टीवर. आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही फ्रेम न गाळता, पहिल्यांदा उलगडल्या जातात त्या एक्सपोर्टच्या, म्हणजे सगळ्यांची मिळून एक अखेरची फाइल बनवण्याच्या, वेळी. म्हणून सॉफ्टवेअर बंद पडतं ते नेमकं तिथे. आठवडाभर एडिटिंग सुरळीत झालेलं असतं, गाणी बसलेली असतात, नावं टाकून झालेली असतात, आणि एक्सपोर्टची पट्टी अर्ध्यावर जाऊन खिडकीच नाहीशी होते.

हे काम मी बडोद्यात बरीच वर्षं करते आहे. मला यातून एकच गोष्ट जीव तोडून सांगावीशी वाटते: या बंद पडण्याला पत्ता असतो. कुठल्या फाइलपाशी आणि कुणाच्या हातून ते घडलं हे शोधता येतं. तो पत्ता सापडेपर्यंत काँप्युटरवर नवीन काहीही टाकू नये. बहुतेक लोक नेमकं उलट करतात. एरर आला की नेटवरून कोडेक पॅक उतरवतात (कोडेक म्हणजे चित्र दाबून साठवणारा आणि पुन्हा उलगडणारा छोटा प्रोग्राम), तो लागू पडला नाही की दुसरा, आणि मग मूळ दुखणं या दोघांच्या खाली गाडलं जातं.

गेल्या काही काळात असे फोन वाढले आहेत. २०२४च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी शहरात शिरलं, तळमजल्यावरच्या कपाटांत कॅसेटी भिजल्या. ज्यांच्या वाचल्या त्यांनाही धडकी भरली. मग घरातल्याच कुणा मुलानं लॅपटॉप उघडून 'आपणच करून टाकू' म्हणून कामाला हात घातला. मला याचा आनंदच आहे. आजीचं गाणं नातवानं एडिट करावं, यात तो ते गाणं शंभरदा ऐकतो, आणि ते कुठल्याही स्टुडिओत होत नाही.

कारेलीबागेतल्या अशाच एका घरी मला बोलावलं. आजी सूरसागरासमोरच्या म्युझिक कॉलेजात शिकलेल्या. सयाजीरावांनी १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली जी गायनशाळा सुरू केली, तिचंच हे पुढचं रूप. आजींनी नंतर वर्षानुवर्षं घरी मुली शिकवल्या. त्यांच्या तरुणपणच्या गाण्याचं एकच चित्रण घरात होतं. गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमात कुणीतरी व्हीएचएसवर घेतलेलं, सुमारे वीस मिनिटांचं. त्याच कॅसेटवर पुढे विसर्जनही होतं आणि सूरसागराच्या मध्यात महादेवाची मूर्ती दिसत नव्हती, म्हणजे चित्रण ती उभी राहण्याआधीचं, त्यावरून घरच्यांनी काळाचा अंदाज बांधला होता. नातवानं फिल्म उत्तम लावली होती. एक्सपोर्ट मात्र होत नव्हता. कार्यक्रम तोंडावर आलेला.

आजींचा मुलगा, म्हणजे काका, दारातच म्हणाले, "ताई, फाइल चांगली आहे हो. प्लेअरमध्ये तर चालतंय."

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याचं उत्तर आधी नीट द्यायला हवं. प्लेअरमध्ये फाइल चालते यावरून ती एडिटिंगला चालेल असं ठरत नाही. व्हीएलसी हे प्लेअर सॉफ्टवेअर घ्या. १९९६ साली पॅरिसजवळच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्यार्थ्यांचा प्रकल्प म्हणून त्याची सुरुवात झाली, आणि आज ते इतकं भरवशाचं का, तर ते आपले डिकोडर, म्हणजे दाबलेलं चित्र उलगडणारे भाग, स्वतःबरोबर घेऊन फिरतं. तुमच्या विंडोजमध्ये कुठला कोडेक आहे, कुठला नाही, याच्याशी त्याला फारसं देणंघेणं नाही. शिवाय प्लेअरचं काम सोपं आहे: एक फाइल, पुढे पुढे जायचं, एखादी फ्रेम खराब निघाली तर ती सोडून द्यायची. आपल्याला पडद्यावर क्षणभर चौकोनी ठिपके दिसतात आणि आपण विसरतो.

एडिटिंग सॉफ्टवेअरला अशी सूट नसते. त्याला अमुक एक फ्रेम नेमकी हवी असते, मग मागची, मग पुन्हा पुढची. एका क्लिपमधून दुसरीत विरघळताना दोन्ही फाइली एकाच वेळी उघडाव्या लागतात. काम करताना पूर्वदृश्य आपण निम्म्या किंवा पाव आकारात बघतो आणि तिथेही घाईत फ्रेमा गाळल्या जातात, म्हणून एडिटिंगच्या वेळी दुखणं लपून राहतं. एक्सपोर्टला ती सवलत संपते: पूर्ण आकार, प्रत्येक फ्रेम, वर इफेक्ट, आणि त्याच वेळी पलीकडच्या टोकाला नवीन फाइल बांधण्याचं काम. खराब फ्रेम आली की तिथे डिकोडर हात वर करतो. नीट लिहिलेला डिकोडर 'जमत नाही' असं सांगून थांबतो. ओबडधोबड लिहिलेला मेमरीत भलतीकडे हात घालतो आणि अख्ख्या सॉफ्टवेअरला घेऊन पडतो, कारण तो त्या सॉफ्टवेअरच्या पोटातच चालत असतो. ही शेवटची गोष्ट लक्षात घ्यायला हवी. कोडेक बाहेर कुठेतरी वेगळा चालत नाही. सॉफ्टवेअर त्याला आत बोलावतं, आणि आत आलेल्यानं गडबड केली तर नाव सॉफ्टवेअरचं खराब होतं.

नातवाला मी विचारलं, आजींच्या गाण्याची फाइल कसली आहे? तो म्हणाला, एव्हीआय. हे उत्तर अपुरं आहे. एव्हीआय, एमपी४, एमओव्ही, एमकेव्ही ही फक्त बांधणी झाली. आत चित्र कुठल्या पद्धतीनं दाबून ठेवलंय ते यातून कळत नाही. मायक्रोसॉफ्टनं एव्हीआय १९९२ साली आणलं. तेव्हापासून आजपर्यंत त्यात काय काय भरलं गेलं याला गणती नाही: मोशन जेपेग, डीव्ही, डिव्हएक्स, एक्सव्हिड, आणि प्रत्येक कॅप्चर कार्डवाल्याचा स्वतःचा एखादा प्रकार. आत काय आहे हे चार अक्षरी सांकेतिक नावानं फाइलच्या सुरुवातीला लिहिलेलं असतं. त्याला फोरसीसी म्हणतात. आपल्याकडे लग्नाच्या मिक्सिंगच्या दुकानांत एडियस हे एडिटिंग सॉफ्टवेअर फार चाललं, त्यामुळे सीडीव्हीसी आणि सीयूव्हीसी ही ते मुळात बनवणाऱ्या कॅनोपसची दोन नावं इकडच्या जुन्या हार्ड डिस्कांवर अजून सापडतात. हे सगळं बघायला मीडियाइन्फो नावाचं फुकट साधन आहे. फाइल त्यावर टाकली की ते निमूट सगळं सांगतं. आजींच्या फाइलीत मोशन जेपेग निघालं, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेमा, आपल्याकडच्या जुन्या टीव्हीचं, पालचं माप.

आता मोशन जेपेग हा साधा, जुना प्रकार आहे. प्रत्येक फ्रेम म्हणजे एक स्वतंत्र फोटो. त्यात क्रॅश होण्यासारखं काही नाही. मग पडतंय कोण?

इथे विंडोजची जुनी व्यवस्था समजून घ्यावी लागते, आणि मला वाटतं एडिटिंग शिकवणारे ती सांगत नाहीत म्हणून मुलं अडकतात. सगळ्यात जुनी पद्धत 'व्हिडिओ फॉर विंडोज'ची. त्यात रजिस्ट्रीमध्ये, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या साठ्यात, एक यादी असते: अमुक चार अक्षरं आली तर अमुक फाइलला बोलवा. एका नावापुढे एकच नोंद बसते. दुसऱ्या कुणी तेच नाव घेतलं की आधीचा पुसला जातो आणि शेवटी आलेला मालक होतो. नंतर डायरेक्टशो ही दुसरी पद्धत आली. त्यात डिकोडर 'फिल्टर' म्हणून नोंदले जातात, एका कामाला अनेक असू शकतात, आणि प्रत्येकाला 'मेरिट' नावाचा एक आकडा असतो. फाइल उघडायची वेळ आली की ज्याचं मेरिट जास्त, त्याला आधी विचारलं जातं. हा आकडा ठरवतं कोण? ज्यानं तो फिल्टर बनवला तोच. म्हणजे नोकरीच्या अर्जात आपले गुण आपणच भरायचे. कुठलीही कंपनी आपला फिल्टर सगळ्यांच्या वर बसवू शकते, आणि पुष्कळांनी बसवले.

कोडेक पॅकांचा घोळ इथूनच झाला. एका पॅकमध्ये असे अनेक फिल्टर एकदम येतात. सिनेमे बघायला ते ठीक. एडिटिंगच्या मशिनवर मात्र ते प्रत्येक सॉफ्टवेअरच्या पोटात न बोलावता शिरतात. एफएफडीशो हा त्यातला एके काळी सर्वांत गाजलेला. तो बनवणाऱ्यांना हा धोका इतका माहीत होता, की अनोळखी प्रोग्रामनं त्याला बोलावलं तर तो समोर खिडकी उघडून विचारायचा: याला मला वापरू द्यायचं का? हा प्रश्न विचारावासा वाटणं हा त्यांचा प्रामाणिकपणा होता. बाकीचे विचारत नाहीत.

आणखी एक पेच ३२ आणि ६४ बिटचा. ६४ बिटच्या प्रोग्रामला ३२ बिटचा कोडेक आत घेताच येत नाही. जुने कोडेक बहुतेक ३२ बिटचे. मोठी एडिटिंग सॉफ्टवेअर २०१०च्या आसपास ६४ बिटवर गेली, आणि त्या दिवसापासून किती तरी जुन्या फाइली प्लेअरमध्ये दिसायच्या पण टाइमलाइनवर काळ्या पडायच्या. विंडोजच्या फोल्डरांची नावं यात भर घालतात. सिस्टम३२ मध्ये ६४ बिटच्या फाइली असतात आणि सिसवॉव६४ मध्ये ३२ बिटच्या. नाव वाचून कोडेक हातानं टाकायला गेलात तर हमखास उलट्या जागी पडतो. एमओव्हीवाल्यांचं वेगळंच. अॅपलनं विंडोजवरच्या क्विकटाइमला आधार देणं २०१६ साली बंद केलं, त्यात सुरक्षेच्या त्रुटी तशाच राहिल्या आणि ते काढून टाका असा इशारा तेव्हाच दिला गेला. तरी जुन्या कॅमेऱ्याची फाइल उघडावी म्हणून लोक ते आजही शोधून टाकतात. टाकू नये.

कारेलीबागेत परत येते. नातवाचं म्हणणं असं की एक्सपोर्ट दर वेळी वेगळ्या सेकंदाला पडतो. नीट पाहिल्यावर दिसलं की सेकंद वेगळा असला तरी पडतो तो आजींच्या गाण्याचा भाग सुरू झाल्यावरच. अशा वेळी अंदाज करत बसण्यापेक्षा विंडोजनं स्वतः काय लिहून ठेवलंय ते वाचावं. स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधायचं, त्यात विंडोज लॉग्ज, त्यात अॅप्लिकेशन. उजवीकडे लांबलचक यादी येते. त्यातली लाल खुणेची, इव्हेंट आयडी १०००ची, सॉफ्टवेअर पडलं त्या मिनिटाची नोंद उघडायची. खाली मजकुरात आधी पडलेल्या प्रोग्रामचं नाव असतं, ते आपल्याला माहीतच असतं. त्याखालची ओळ महत्त्वाची: फॉल्टिंग मॉड्यूल. पाडलं कुणी, ते तिथे लिहिलेलं असतं. त्याखाली एक आकडा, सी००००००५, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घातला. आणि शेवटाकडे त्या मॉड्यूलचा पूर्ण रस्ता, कुठल्या ड्राइव्हवर, कुठल्या फोल्डरात.

आमच्या नोंदीत मॉड्यूलच्या नावाचं शेपूट '.एएक्स' होतं. ते डायरेक्टशोच्या फिल्टरचं असतं. रस्ता वाचला तर फोल्डर एका सीसीटीव्हीच्या प्लेअरचा. काका खुर्चीमागून वाचत होते. ते म्हणाले, "अरे, हे तर आपल्या सोसायटीच्या कॅमेऱ्याचं!" काका सोसायटीचे सेक्रेटरी. पार्किंगमध्ये कुणाची तरी स्कूटर पाडली गेली, त्याचं चित्रण बघायला कॅमेरेवाल्यानं याच मशिनवर आपला प्लेअर टाकून दिला होता. त्या प्लेअरनं बरोबर स्वतःचा डिकोडर आणला आणि मोशन जेपेगसाठी सगळ्यांच्या वर नोंदवला. त्याच्या कॅमेऱ्याच्या फाइलीत प्रत्येक फ्रेम सरळ एक चित्र. आजींच्या कॅसेटवरून आलेल्या फाइलीत प्रत्येक फ्रेम दोन फील्डांची, जुन्या टीव्हीच्या पद्धतीनं एकाआड एक ओळींची. पाहुण्या डिकोडरला ते झेपेना. संथ चालीत काही वेळ निभावून न्यायचा, एक्सपोर्टच्या वेगात कुठे ना कुठे कोसळायचा.

नोंदवहीत नाव इतकं स्पष्ट नेहमी मिळत नाही. कधी तिथे एनटीडीएलएल किंवा कर्नलबेस असं विंडोजच्या स्वतःच्या भागाचं नाव येतं, त्यावरून काही कळत नाही, कारण पडताना सगळेच तिथून जातात. कधी नाव एनव्हीनं सुरू होतं, तर ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरकडे बघावं. नाव उपयोगी नसेल तर टाइमलाइन अर्धी करावी. पहिला अर्धा एक्सपोर्ट करून बघायचा, तो झाला तर दुखणं दुसऱ्या अर्ध्यात. त्याचा पुन्हा अर्धा. तासाभराची फिल्म असली तरी पाच-सहा अर्ध्यांत आपण एक-दोन मिनिटांच्या तुकड्यापाशी येतो, आणि त्यात दोन-तीनच क्लिपा असतात. तेवढा तुकडा प्रतिमांच्या मालिकेत किंवा दुसऱ्या प्रकारात एक्सपोर्ट होतो का बघायचं. होत असेल तर खोट एन्कोडरच्या, म्हणजे नवीन फाइल बांधणाऱ्याच्या, बाजूची, होत नसेल तर आत येणाऱ्या फाइलची किंवा इफेक्टची. पडण्याची जागा दर वेळी बदलत असेल आणि कुठल्याही एका क्लिपशी तिचा संबंध लागत नसेल, तर कोडेकचा नाद सोडून मशीन तापतंय का, मेमरी भरतेय का, हार्डवेअर एन्कोडिंग बंद केल्यावर फरक पडतो का, हे बघावं. ग्राफिक्स कार्डावरून एन्कोड करणं वेगवान असतं, पण पारख करताना एकदा तरी ते बंद करून सॉफ्टवेअरवर चालवून पाहावं.

सीसीटीव्हीचा प्लेअर आम्ही रीतसर काढला आणि मशीन पुन्हा सुरू केलं. त्यानंतर एडिटिंग सॉफ्टवेअरला आजींची फाइल उघडताच येईना. नातू घाबरला. घाबरायचं कारण नव्हतं. त्याच्या मशिनवर त्या फाइलीचा दुसरा कुणी डिकोडर नव्हताच, जो होता तो तेवढा पाहुणा. उलट आता सगळं स्वच्छ झालं होतं. दुसरा डिकोडर शोधून बसवायचा की फाइलच बदलायची, एवढंच ठरवायचं राहिलं. माझं उत्तर नेहमी एकच असतं: फाइल बदला, मशिनला हात लावू नका.

त्यासाठी एफएफएमपेग नावाचं साधन आहे. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरनं २००० साली सुरू केलेलं, आणि आज जगातल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या कोडेकचं उलगडणं त्यात लिहिलेलं आहे. व्हीएलसीच्या पोटातही बहुतांशी तेच काम करतं. ते विंडोजच्या यादीला विचारत नाही, कुठे नोंदणी करत नाही, एका फोल्डरात ठेवलं की चालतं आणि फोल्डर पुसला की गेलं. आधी त्याच्याकडून फाइल नुसती सुरुवातीपासून शेवटपर्यंत उलगडून घ्यावी, कुठेही न साठवता. खराब फ्रेमा असतील तर त्यांच्या ओळी पडद्यावर उमटतात. आजींच्या फाइलीत शेवटाकडे काही उमटल्या, विसर्जनाच्या भागात. गाण्यात एकही नाही. तो निर्वाळा मिळाल्यावर नातवाच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला दिसला.

मग तीच फाइल प्रोरेसमध्ये करून घेतली. अॅपलचं प्रोरेस २००७ पासून आहे, एविडचं डीएनएक्सएचडी २००४ पासून. दोन्ही याच कामासाठी बनले: कॅमेरा आणि अखेरची फिल्म यांच्या मधल्या टप्प्यासाठी. यांत प्रत्येक फ्रेम स्वतःच्या पायावर उभी असते. फोन वापरतात त्या एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये तसं नसतं. तिथे अधूनमधून एक पूर्ण फ्रेम आणि मधल्या फ्रेमांत फक्त काय बदललं ते, कधी मागच्या फ्रेमवरून तर कधी पुढच्याही. त्यामुळे मधली एक फ्रेम काढायची तर आजूबाजूच्या कितीतरी उलगडाव्या लागतात. पाठवायला, साठवायला ती पद्धत उत्तम. कापायला त्रासाची.

जागेची तक्रार लगेच येते, आणि ती खरी आहे. पालच्या मापाचं प्रोरेस ४२२ तासाला सुमारे १८ जीबी खातं. फुल एचडीचं डीएनएक्सएचडी १२० घेतलं तर तासाला सुमारे ५४ जीबी. पण फिल्म संपल्यावर या मधल्या फाइली पुसता येतात. मूळ मात्र पुसायच्या नाहीत. मिनी डीव्ही कॅसेटवरून उतरवलेली डीव्ही फाइल तासाला साधारण १३ जीबी होते, आणि ती 'मोठी आहे' म्हणून एमपी४ करून मूळ उडवलेली घरं मी बघते तेव्हा फार वाईट वाटतं. डीव्हीमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र असते, एडिटिंगला ती तशीच चांगली. तिथे बदल करायचं काही कारणच नव्हतं.

बदलून घेताना फील्डांचा क्रम तेवढा जपावा. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, जुन्या कॅप्चर कार्डांत पुष्कळदा वरचं. उलटं झालं की हलणारी प्रत्येक गोष्ट थरथरते. डीव्हीडीच्या व्हीओबी फाइली एक एक घेण्याऐवजी अख्खं शीर्षक एकदम उतरवावं, कारण एकच चित्रण जीबी-जीबीच्या तुकड्यांत चिरलेलं असतं आणि सांध्यावर आवाज सरकतो.

आजींची फाइल बसली. एक्सपोर्ट तिथून पुढे गेला, आणि पूर्णही झाला. आम्ही सगळे बघायला बसलो तेव्हा दुसरी गोष्ट उघडी पडली, आणि ती पकडली आजींनीच. फिल्मच्या शेवटी नातीचं गाणं होतं, हल्लीच घरी मोबाइलवर घेतलेलं. नात यमन गातेय, शेजारी आजी हातानं ताल देताहेत. पहिल्या आवर्तनांत टाळी समेवर पडत होती. पुढे पुढे ती उशिरा दिसायला लागली. आजी म्हणाल्या, "मी अशी नाही दिली टाळी." त्यांचं खरं होतं.

फोन सेकंदाला ठरावीक फ्रेमा घेतोच असं नाही. उजेड कमी झाला की तो प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो आणि वेग खाली आणतो, उजेड आला की पुन्हा वर. संध्याकाळच्या दिवाणखान्यात हे सतत चालतं. मीडियाइन्फोत अशा फाइलीपुढे 'व्हेरिएबल' लिहून येतं. टाइमलाइन मात्र ठरावीक चालीची असते, तिला दर सेकंदाला तेवढ्याच फ्रेमा लागतात. काही सॉफ्टवेअर हा हिशेब नीट लावतात, काही चुकतात आणि चित्र आवाजापासून सुटत जातं. काही तर अशा फाइलीवर एक्सपोर्टला अडूनच बसतात. सुटणं किती असतं याची कल्पना यावी म्हणून: वेगात हजारात एकाचा फरक पडला, तर तासाला ३.६ सेकंदांचा फरक साचतो. भाषणात दहा मिनिटं ते लक्षात येत नाही. तालात लगेच येतं. म्हणून गाण्याच्या, नाचाच्या, कीर्तनाच्या फोनवरच्या क्लिपा टाइमलाइनवर टाकण्याआधीच ठरावीक २५च्या चालीत बदलून घ्याव्यात, आवाजाला धरून. आम्ही ती एक क्लिप तशी करून घेतली आणि टाळी समेवर आली. आजींनी ते दोनदा बघून घेतलं.

नव्या आयफोनांबद्दल थोडं. २०१७ पासून ते एच.२६५ मध्ये चित्रण करतात. हे मानक २०१३चं, एच.२६४ च्या दहा वर्षं नंतरचं, आणि उलगडायला बरंच जड. नव्या मशिनमध्ये ग्राफिक्स कार्ड ते ओझं उचलतं. जुन्यात सगळं प्रोसेसरवर येतं आणि दोन-तीन क्लिपा एकमेकींवर आल्या की एक्सपोर्ट गुदमरतो. परदेशातल्या नातेवाइकांना चित्रण करण्याआधीच सांगावं: कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये फॉरमॅट्सखाली 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. आणि पाठवताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती दाबून बारीक होत नाही.

त्या घरी अजून कॅसेटी शिल्लक आहेत. त्या उतरवायला चालू व्हीसीआर हवा, आणि जगातला शेवटचा व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीनं २०१६च्या जुलैअखेर उत्पादन थांबवलं. बडोद्यात दुरुस्त करणारे हात आहेत, सुटे भाग कमी होत चाललेत. म्हणून मी सगळ्यांना म्हणते, आधी उतरवून घ्या, एडिटिंगचं पुढे बघू. उतरवताना शक्य तितक्या साध्या, सर्वांना माहीत असलेल्या कोडेकमध्ये घ्या. कार्डवाल्याच्या खास प्रकारात घेतलं तर वीस वर्षांनी घरातलं दुसरं कुणी पोर हेच कोडं सोडवत बसेल.

काकांना सोसायटीच्या कॅमेऱ्याचं चित्रण बघायला प्लेअर लागतोच. तो आता कपाटातल्या जुन्या लॅपटॉपवर टाकलाय. एडिटिंगच्या मशिनवर नातवानं पासवर्ड बदलला आहे, आणि काकांना तो सांगितलेला नाही.